दोन वाजून दहा मिनिटांचं पत्र

१

पंढरीनाथ कानडे रोज सकाळी अकराला कॉम्प्युटर सुरू करत. अकरालाच, कारण त्या उन्हाळ्यात इंदुरात दुपारी बारा ते तीन बिजली जायची, आणि आलेली पत्रं उतरवून घेणं, वाचणं, उत्तर लिहून पाठवणं एवढं सगळं आटपायला त्यांना तासभर लागे. बिजली गेल्या-आल्याची वेळ ते खिशातल्या डायरीत टिपून ठेवत. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. पण मिलच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. मिलला टाळं लागून बारा वर्षं उलटली तरी डोळे आधी घड्याळाकडे आणि हात मग पेनाकडे जायचाच.

घर अन्नपूर्णेच्या देवळामागच्या कॉलनीत. कॉम्प्युटर होता मुलीच्या खोलीत. ऋजुता बंगलोरला नोकरीला लागली आणि पहिल्याच वर्षी तिने तो घरी आणवला, म्हणजे रोज पत्र लिहिता येईल. बसवून दिला हरीने. हरी मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातला; मिल बंद झाल्यावर आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता देवळाच्या चौकात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मेलचा प्रोग्राम त्यानेच शिकवला. आलेली पत्रं इनबॉक्समध्ये, जायची आउटबॉक्समध्ये, गेलेली सेंटमध्ये. पंढरीनाथांना ते लगेच पटलं. आवक, जावक आणि दफ्तरी ठेवायची प्रत. ऑफिसात दुसरं काय असतं?

त्या मंगळवारीही त्यांनी नेहमीसारखी फोनची वायर काढून मॉडेममध्ये घातली. मॉडेम शिट्ट्या मारून, खरखरून शांत झाला. दोन पत्रं उतरली. त्यांनी लाइन तोडली, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. एक कसली तरी जाहिरात होती. दुसरं ऋजुताचं.

तिने लिहिलं होतं, बाबा, तुमचं कालचं पत्र तीनदा वाचलं. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. इतक्या वर्षांत तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मला दोन दिवस विचार करू द्या.

पंढरीनाथांनी ते पुन्हा वाचलं. काल सोमवार. काल सकाळी ते दाढ काढायला गेले होते. परत येऊन चपला काढतात तोच बिजली गेली आणि संध्याकाळी गाल इतका सुजला की ते अंथरुणावरच पडून होते. काल त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता.

२

सेंटमध्ये सगळ्यात वर एक पत्र होतं. ऋजुताच्या पत्त्यावर. सोमवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

पंढरीनाथ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. हेही तसंच होतं. सुरुवात त्यांचीच, शेवट त्यांचाच, तुझा बाबा. मधला मजकूर असा होता:

ऋजू, तू अमेरिकेला जाऊ नकोस. मी सगळ्यांसमोर जा म्हणतो, कारण तसं म्हणणं बापाला शोभतं. खरं सांगू? तू गेलीस तर मी या घरात नुसता घड्याळ बघत बसेन. मिलला टाळं लागलं त्या दिवशी मी घरी उशिरा आलो आणि तुम्हाला सांगितलं की युनियनची मीटिंग होती. मीटिंग नव्हती. मी गेटसमोर सहा वाजेपर्यंत उभा होतो. कोणी तरी आत बोलावेल असं वाटत होतं. तू ये. तुझी खोली तशीच आहे.

ते खुर्चीत मागे रेलले. बाहेर भाजीवाल्याची हाक दोन घरं पुढे गेली.

त्यांना ऋजुताने जावं असंच वाटत होतं. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं. जा, असं त्यांनी तिला स्वतःच्या हाताने चार वेळा लिहिलं होतं. पण गेटसमोर ते उभे होते, ही गोष्ट खरी होती. सहा वाजेपर्यंत. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

त्यांनी डायरी काढली. सोमवार: बिजली गेली १२.०४, आली ३.०१. दाढ दुखत असतानाही त्यांनी ते टिपलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी त्या घरात पंखाही चालू नव्हता, मग कॉम्प्युटर कुठला?

३

हरी दुसऱ्या दिवशी साडेदहाला आला. त्याने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि डोकं खाजवत म्हणाला, “व्हायरस असेल, बाबूजी. आजकाल असे कीडे फिरतात. ॲड्रेस बुकमधले पत्ते उचलतात आणि आपल्या नावाने मेल मारतात.”

“माझ्या मराठीत?”

 हरीने फ्लॉपी घालून व्हायरस तपासला. काही निघालं नाही. आतला सेल उतरला असेल, घड्याळ चुकत असेल, म्हणून त्याने मशीनची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघितली. अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता. मग त्याने पासवर्ड बदलला, प्रोग्रामला पासवर्ड लक्षात ठेवायची परवानगी होती ती काढून घेतली, खातं पुसून नव्याने बनवलं. येणाऱ्या सर्व्हरचं नाव, जाणाऱ्या सर्व्हरचं नाव, एकेक अक्षर मोठ्याने वाचून घातलं. नवा पासवर्ड पंढरीनाथांनीच टाइप केला. हरी तेवढ्यापुरता तोंड फिरवून उभा राहिला.

निघताना त्याने ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. पत्राच्या माथ्यावर तारीख आकड्यांत होती. त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

“हे बघा. एकच्या जागी एकचा आकडा नाही. इंग्रजी छोटा एल आहे.”

पंढरीनाथांनी पाहिलं. टाइम ऑफिसच्या जुन्या टाइपरायटरला एकचं बटणच नव्हतं. एल दाबायचा, तो एकसारखाच उमटायचा. ती सवय त्यांच्या बोटांतून अजून गेली नव्हती; त्यांच्या प्रत्येक पत्रात एकच्या जागी एलच असे.

“असं लिहिणारा माणूस पूर्ण इंदुरात मी एकच बघितलाय,” हरी म्हणाला. मग जरा थांबून, जपून म्हणाला, “बाबूजी, दाढेसाठी गोळ्या कुठल्या घेत होता तुम्ही? झोपेच्या गोळीत माणूस काय करतो, त्याला नंतर आठवत नाही. बुरा मत मानना.”

पंढरीनाथांना वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आपणच लिहिलं असेल तर निदान कोण लिहितो ते कळलं. बिजलीचा प्रश्न उरत होता, पण डायरीत चूक होऊ शकते. सुजलेल्या गालाने टिपलेली वेळ ती.

४

शुक्रवारी आणखी एक पत्र गेलं. दोन वाजून दहा मिनिटं. शनिवारी आणखी एक, तीच वेळ.

पंढरीनाथांनी मधल्या दिवसांत ऋजुताला स्पष्ट लिहिलं होतं की ती पत्रं माझी नाहीत. ते पत्र आउटबॉक्समध्येच बसून होतं. पाठव म्हटलं की निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि थांबायची. हरीने फोनवरून सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. जाणाऱ्या सर्व्हरचं नाव पुन्हा घालून पाहिलं, वेळेची मर्यादा वाढवली, पत्र पुसून पुन्हा लिहिलं. त्यांचं पत्र जात नव्हतं. दुसऱ्याचं जात होतं.

शनिवारी जेवताना त्यांनी बायकोला, वसुंधराबाईंना, सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारी मी झोपतो तेव्हा उठतो का मधे?

“उठता की,” वसुंधराबाई म्हणाल्या. “रोज दोनच्या सुमाराला ऋजूच्या खोलीत टाइप करत बसता. मी पडलेली असते, ऐकू येतं. तुमचं टाइपिंग मला काय नवीन आहे? पाऊस पडल्यासारखं एकसारखं.”

“तू आत येऊन बघितलंस?”

“तुम्हाला मधे बोललेलं चालत नाही म्हणून कशाला येऊ?” त्यांनी ताटात आमटी वाढली. “बिजली नसताना कसलं टाइप करता, असं एकदा मनात आलं. म्हटलं असेल बॅटरीवर.”

घरात बॅटरी नव्हती. पंढरीनाथ भात कालवत राहिले.

रविवारी सकाळी ऋजुताचा फोन आला. त्यांनी एका दमात सांगून टाकलं की ती पत्रं मी लिहिलेली नाहीत, कोणी तरी माझ्या नावाने लिहितंय, तू अमेरिकेला जायचं. 

“बाबा, गेटसमोर उभे होतात ते खोटं आहे?”

त्यांना खोटं आहे म्हणता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर वसुंधराबाई उभ्या होत्या, आणि ऋजुताशी ते आजवर खोटं बोललेले नव्हते, त्या एका संध्याकाळखेरीज.

“खरं आहे,” ते म्हणाले.

“मग झालं तर. पहिल्यांदा तुम्ही मला काही खरं सांगितलंत. आता लाजू नका.” ती म्हणाली. “मी रजा टाकते.”

५

सोमवारी पंढरीनाथ इंदूरजवळच्या महूला गेले. तिथे वसुंधराबाईंची बहीण द्वारकाबाई राहत असत. जाण्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांना फक्त एवढंच करायचं होतं की दोन वाजून दहा मिनिटांनी आपण इंदुरात नसावं आणि आपण जागे आहोत हे कोणी तरी बघितलेलं असावं.

द्वारकाबाईंच्या ओसरीवर ते पन्ह्याचा पेला घेऊन बसले. भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजले. दोन पाच झाले. द्वारकाबाई आपल्या सुनेबद्दल काहीबाही सांगत होत्या आणि ते हो-हो करत होते. बरोबर दहाला त्यांनी विचारलं, किती वाजले? द्वारकाबाईंनी मान वर करून सांगितलं, दोन दहा. पंढरीनाथांनी डायरीत ते टिपलं आणि खाली त्यांची सही मागितली. त्या हसल्या, पण त्यांनी केली.

पाचच्या बसने ते परतले. दार उघडताना वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पुन्हा बाहेर कधी गेलात?”

“सकाळी गेलो तो आत्ताच येतोय.”

“दुपारी आला होतात ना.” त्या म्हणाल्या. “मी पडले होते. दार वाजलं, मग तुमच्या चपला, मग टाइपिंग. मी आतूनच विचारलं, जेवलात का? तुम्ही हूं म्हणालात.”

पंढरीनाथांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. जोड एकच होता. मग ते ऋजुताच्या खोलीत गेले. खोली तापलेली होती, खिडकी बंद. चादरीला सुरकुती नव्हती. टेबलावर सगळं जागच्या जागी, फक्त कीबोर्ड जरासा डावीकडे तिरका. ते टाइप करताना तसाच ठेवत. उजवीकडे ठेवायची सवय त्यांना कधीच नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि खुर्चीच्या पाठीला लावला. त्यावर पंचा होता. पंचा घामाने ओलसर होता.

बिजली होती. त्यांनी उभ्यानेच कॉम्प्युटर लावला. सेंटमध्ये नवं पत्र होतं. वेळ तीच. ऋजू, मी आज महूला गेलो आहे असं तुझ्या आईला सांगितलं आहे.

६

त्याच संध्याकाळी हरी येऊन कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेला. जड मॉनिटर आणि कीबोर्ड तेवढे टेबलावर राहिले. मॉडेमची वायर पंढरीनाथांनी स्वतः गुंडाळून कपाटात ठेवली. हरी म्हणाला, चार-आठ दिवस दुकानात राहू द्या, सगळं पुसून कोरं करून देतो. त्याच्या बोलण्यात आता गोळ्यांचा विषय नव्हता. द्वारकाबाईंची सही त्याने दोनदा पाहिली होती.

मंगळवारी दुपारी पंढरीनाथ झोपले नाहीत. ते बाहेरच्या खोलीत पाटावर बसले, पाठ भिंतीला लावून, समोर ऋजुताच्या खोलीचा पडदा. बारा वाजून सहा मिनिटांनी पंखा थांबला. हवा जिथल्या तिथे बसली. वसुंधराबाई स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या झाल्या होत्या. घरात आवाज असा फक्त घड्याळाचा.

दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्याआड टाइपिंग सुरू झालं.

एका लयीत, सराईत. ओळ संपली की किंचित थांबायचं, जणू टाइपरायटरचा दांडा ओढायचा आहे, मग पुन्हा. ते ऐकताना पंढरीनाथांची मांडीवरची बोटं हलू लागली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती बरोबर त्या आवाजाच्या मागोमाग हलताहेत. त्यांनी मुठी आवळल्या. उठून पडदा बाजूला करायला सहा पावलं होती. ते उठले नाहीत. दोन पंचवीसला आवाज थांबला. खुर्ची सरकली. पडदा हलला नाही.

साडेतीनला ते चौकातल्या सायबर कॅफेत गेले. तो बंटी नावाच्या माणसाचा होता. त्याने त्यांना कोपऱ्यातलं मशीन दिलं आणि पत्रं थेट सर्व्हरवर कशी बघायची ते दाखवलं. नवीन काही आलेलं नव्हतं. पंढरीनाथांनी लिहिलं, ऋजू, मी घरच्या मशीनवरून लिहीत नाही, ते मशीनच घरात नाही. इथे येऊ नकोस. आईला काही सांगू नकोस. मी पाया पडतो, येऊ नकोस. हे पत्र मात्र लगेच गेलं. त्यांनी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर होतं.

बाबा, तुम्ही काल दुपारीच लिहिलं होतं की कॅफेतून एक पत्र येईल, पाया पडतो असं त्यात असेल, ते मानू नकोस. आलं तसं. हा काय प्रकार आहे, मला कळत नाही. मला तुमची काळजी वाटते. मी आजच निघतेय. शुक्रवारी सकाळच्या मुंबईच्या गाडीने पोचेन. स्टेशनवर या.

पंढरीनाथांनी तिथूनच शेजारच्या एसटीडीवर जाऊन तिच्या होस्टेलला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, ती सकाळीच बॅग घेऊन गेली.

७

शुक्रवारी ते आठलाच घरातून निघाले. वसुंधराबाईंना त्यांनी म्हटलं होतं, तूही चल. त्या म्हणाल्या, पोर इतक्या दिवसांनी येतेय, घरात काही केलेलं नको? त्यांनी फार जोर केला असता तर त्या आल्याही असत्या. जोर करायला कारण सांगावं लागलं असतं.

गाडी तासभर उशिरा आली. ऋजुता उतरली, वाळली होती. तिने वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. प्लॅटफॉर्मच्या बाकावरच त्यांनी तिला सगळं सांगितलं. डायरी दाखवली, सही दाखवली. ती सॉफ्टवेअरमधली मुलगी. तिने मधेमधे प्रश्न विचारले. पासवर्ड कोणाला ठाऊक होता, सर्व्हरवर कुठला नंबर दिसतो, असे. उत्तरं ऐकत गेली तसे प्रश्न कमी झाले.

“आई एकटी आहे?” शेवटी तिने एवढंच विचारलं.

स्टेशनबाहेरच्या पीसीओतून पंढरीनाथांनी घरी फोन लावला. ऋजुता काचेच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. दोन घंटांत वसुंधराबाईंनी उचलला.

“अगं, मी बोलतोय.”

“मी कोण?”

“मी. स्टेशनवरून. ऋजू आली.”

 मग वसुंधराबाईंचा आवाज परक्या माणसाशी बोलताना होतो तसा झाला. “कोण पाहिजे आपल्याला? ते तर घरीच आहेत. गाडी लेट आहे म्हणून केव्हाचे परत आलेत.”

पंढरीनाथांना मागचा आवाज ऐकू येत होता. एका लयीतला. ओळ संपली की किंचित थांबणारा.

“वसू, बाहेर ये. दार उघड आणि शेजारी जा.”

“थांबा, त्यांनाच देते,” वसुंधराबाई म्हणाल्या, आणि रिसीव्हर बाजूला धरून त्यांनी हाक मारली, “अहो, तुमचा फोन.”

टाइपिंग थांबलं. खुर्ची सरकली. चपला घासत फोनकडे येऊ लागल्या, डावा पाय जरा ओढत, पंढरीनाथांचा गुडघा धरला की ते चालत तशा. कोणी तरी रिसीव्हर घेतला. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तेवढा एक श्वास आला.

पंढरीनाथांनी फोन ठेवून दिला.

ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. तिला आपण तिथे एकटं सोडलं.

८

रिक्षाने ते दोघं घरी आले. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. वसुंधराबाई स्वयंपाकघरात पुरणाला चटका देत होत्या. त्या वळल्या, लेकीला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आणि मग मागे उभ्या असलेल्या नवऱ्यावर नजर गेली तेव्हा तो तसाच राहून गेला. चमचा पातेल्यात हलायचा थांबला.

ऋजुताच्या खोलीतून टाइपिंग ऐकू येत होतं.

तिघांनाही. ऋजुताने बापाकडे पाहिलं, त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ती पुढे निघाली तसा पंढरीनाथांनी तिचा दंड धरला आणि तिला आईजवळ उभं केलं. ती सहा पावलं ते स्वतः चालले.

पडदा त्यांनी वितभरच बाजूला केला. खुर्ची रिकामी होती. कीबोर्डची वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, कशालाही न जोडलेली. टेबलावर चहाचा कप होता, तळाशी घोटभर उरलेला. बटणं खाली-वर होत नव्हती. आवाज मात्र होत होता. मग त्यांचं लक्ष बंद मॉनिटरच्या काळपट काचेकडे गेलं. तीत खिडकी दिसत होती, दारातला पडदा दिसत होता आणि पडद्यापुढे खुर्चीत बसलेला माणूस दिसत होता. बनियन, विरळ केस, चष्मा. तो हातांकडे बघत नव्हता. सराईत टायपिस्ट बघत नाहीत. तो डावीकडे बघत होता, समोर कागद लावलेला असावा तसा, आणि वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. मन लावून काम करणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

मग आवाज थांबला आणि तो मान वळवू लागला.

पंढरीनाथांनी पडदा सोडला.

पुरण गॅसवर तसंच राहिलं. फक्त गॅस बंद करायचं भान ऋजुताला राहिलं. तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले आणि महूची बस पकडून द्वारकाबाईंकडे गेले.

९

त्या घरात ते पुन्हा राहायला गेले नाहीत. सामान हरीने चार माणसं लावून, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान हलवलं. कीबोर्डचं काय केलंस, हे पंढरीनाथांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. घर अजून विकलं गेलेलं नाही.

ऋजुता आठ दिवस थांबली आणि बंगलोरला परत गेली. जुलैत ती अमेरिकेला गेली. विमानतळावरून तिने फोन केला तेव्हा पंढरीनाथांना वाटलं, जिंकलो. आपल्याला हवं तेच झालं. मग तिने फोन आईला द्यायला सांगितला. तिचा ईमेलचा पत्ता बदलला होता. नवा पत्ता तिने आईला एकेक अक्षर करून लिहून घ्यायला लावला आणि तो बाबांना दाखवू नकोस म्हणाली. वसुंधराबाईंनी तो कागद घडी करून पदराला बांधला. पंढरीनाथ शेजारीच उभे होते. मुलीचं चुकलं असं त्यांना म्हणता येईना.

महूला द्वारकाबाईंच्या माडीवर दोन खोल्या आहेत. तिथे बिजली फारशी जात नाही. पंढरीनाथ दुपारी झोपत नाहीत. गॅलरीत बसून असतात. एका दुपारी वसुंधराबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच उभ्या राहिल्या.

“ऋजू झाली त्या दिवशी तुम्ही मला भेटायला येताना काय आणलं होतं?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. पंढरीनाथांना आठवायला वेळ लागला नाही. “पपई,” ते म्हणाले. “नर्स म्हणाली, बाळंतिणीला पपई देऊ नका. मग मी बाहेरच्या बाकावर बसून एकट्यानेच सगळी खाल्ली.”

“हो,” वसुंधराबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, कुठला तरी फरक सापडतो का ते शोधत असल्यासारख्या. “ऋजूची गाडी लेट होती त्या सकाळी, घरात तिची वाट बघताना, त्यांनीही हेच सांगितलं. मी न विचारता. किती वेळ बोलत बसले होते.”

आणि कप त्यांच्या हातात न देता कठड्यावर ठेवून त्या आत गेल्या.